अभिव्यक्ती, खासगीपणा आणि नव्या तंत्रज्ञानावर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

परीक्षांचा हंगाम जवळ आला की एलएलएमचे (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीचे) प्रबंध तपासायला येतात. गेली काही वर्षं त्यातला मोठा भाग एकाच पट्ट्यातला असतो: समाजमाध्यमं आणि अभिव्यक्तीस्वातंत्र्य, चेहरा ओळखणारे कॅमेरे, विदा (डेटा) संरक्षण, कृत्रिम बुद्धिमत्ता. विषय माझ्या जिव्हाळ्याचे आहेत. म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा दिसल्या की जीव तुटतो.

निकाल न वाचता त्याचा दाखला देणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बहुतेक हिच्यातून जन्मतात.

नागपुरातल्या एका तोंडी परीक्षेचं सांगते. मी परीक्षक मंडळात होते. प्रबंधाचा विषय केंद्र सरकारचं फॅक्ट चेक युनिट, म्हणजे सरकारी कामकाजाबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का हे ठरवणारी यंत्रणा, आणि तिची तरतूद करणारा नियम. मुलगा हुशार, बोलणं ठाम. त्याचं अख्खं चौथं प्रकरण एका वाक्यावर उभं होतं: ‘मुंबई उच्च न्यायालयाने कुणाल कामरा प्रकरणात हा नियम वैध ठरवला आहे.’ खाली दीड पान उतारा. उतारा अस्सल होता, पण न्या. नीला गोखले यांच्या मतातला. विनोदकार कुणाल कामरा यांनी नियमाला आव्हान दिलं होतं, आणि ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठात मतभेद झाला होता. न्या. गौतम पटेल यांनी नियम घटनाबाह्य ठरवला, न्या. गोखले यांनी वैध. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला न्या. अतुल चांदूरकर यांनी पटेल यांच्या बाजूने कौल दिला. नियम रद्द झाला. प्रबंध सादर झाला तो त्यानंतर.

तिसरं मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी कित्येक वर्षं आपल्याच नागपूर खंडपीठात वकिली केलेली. त्यांचं नाव प्रबंधात एकदाही नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, जिथून घेतलं तिथं तसंच लिहून होतं.” चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं आणि निष्कर्षही उलटला.

मी काय करते ते सांगते. निकाल छापून घेते आणि आधी शेवटचं पान वाचते, म्हणजे आदेश काय झाला ते कळतं. मग पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिते: किती न्यायमूर्ती, मतं किती, कोण कोणाशी सहमत, भिन्नमत कोणाचं, पुढे अपील किंवा पुनर्विलोकन झालं का. भिन्नमताच्या प्रत्येक पानाच्या समासात लाल रेघ मारते. वेळ लागतो. हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) वाचून भागवणाऱ्यांना हे जुनाट वाटतं, वाटू दे. हेडनोट संपादकाची असते, न्यायालयाची नसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालांची गल्लतही याच जातीची. २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल नऊ न्यायमूर्तींचा, एकमताचा: खासगीपणा हा मूलभूत अधिकार. २६ सप्टेंबर २०१८ चा निकाल पाच न्यायमूर्तींचा, चार विरुद्ध एक, आधार कायद्यावरचा. नाव एक, निकाल दोन. आधार कायदा पूर्णच घटनाबाह्य हे २०१८ मधल्या न्या. चंद्रचूड यांच्या भिन्नमताचं म्हणणं. ते जरूर वाचा, पण ‘सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं’ असं लिहू नका. आणि २०१७ चा निकाल एकमताचा असला तरी मतं सहा आहेत. त्यातलं एक नागपूरच्या न्या. शरद बोबडे यांचं स्वतंत्र, सहमतीचं मत आहे. फार थोडे विद्यार्थी तिथवर पोचतात.

अमेरिकेचा कायदा भारताचा म्हणून लिहिणं

ही माझी दुसरी दुखरी नस. अमेरिकी लेखन भरपूर आणि सहज मिळतं, म्हणून त्यांच्या पहिल्या घटनादुरुस्तीची, म्हणजे अभिव्यक्तीस्वातंत्र्याच्या तरतुदीची, भाषा आपल्या राज्यघटनेच्या कलम १९ वर चढवली जाते. तिथे निर्बंधांची यादीच नाही. आपल्याकडे १९(२) मध्ये आठ कारणं मोजून दिली आहेत, आणि ‘सार्वजनिक हित’ त्यात नाही. सर्वसाधारण जनतेचं हित हे १९(६) चं कारण, तेही व्यवसायाच्या स्वातंत्र्यासाठी. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितला, तोही एका मराठी वर्तमानपत्राच्या खटल्यात. ‘सकाळ’ने पानं आणि किंमत ठरवणाऱ्या कायद्याला आव्हान दिलं होतं. तरी दर तिसऱ्या प्रबंधात ‘सार्वजनिक हितासाठी अभिव्यक्तीवर बंधनं घालता येतात’ हे वाक्य सापडतं.

खासगीपणातही तेच. बँकेला दिलेल्या माहितीवर ग्राहकाचा खासगीपणा उरत नाही, असं अमेरिकी न्यायालयाने १९७६ मध्ये मिलर खटल्यात म्हटलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँक प्रकरणात तो रस्ता धरला नाही. ॲपला दिलेल्या माहितीवर लिहिताना मिलर पुढे करून कॅनरा बँक विसरलात, तर युक्तिवाद पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

परदेशी निकाल जरूर घ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द करणाऱ्या श्रेया सिंघल निकालानेही घेतले आहेत. पण आधी घरचं बघा. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धाडसी माणसाच्या मापाने जोखायचा, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या माणसाच्या नव्हे, ही कसोटी नागपूर उच्च न्यायालयाची. न्या. व्हिव्हियन बोस यांनी ती भगवतीचरण शुक्ल प्रकरणात १९४६ मध्ये मांडली. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ती स्वीकारली आणि मार्च २०२५ मध्ये, एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द करतानाही, तिचाच आधार घेतला. निकाल छापणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरच्या १९४७ च्या नागपूर विभागात तो निकाल पहिल्याच पानावर आहे, आणि ते नियतकालिकही नागपूरचंच. इथे शिकून हा निकाल माहीत नसणं मला खरंच लागतं.

थोडक्यात सांगण्यासारख्या

ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम ६६अ जिवंत आहे असं समजून लिहू नका. ते २४ मार्च २०१५ ला रद्द झालं. त्यानंतरही पोलिसांनी ते लावलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. लिहायचंच तर त्यावर लिहा.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम २०२५ चे, अंमल टप्प्याटप्प्याने. प्रत्येक कलमासाठी राजपत्र उघडा.

चॅटबॉटकडून सायटेशन (निकालाचा संदर्भ) घेऊ नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी असे अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले. त्यांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड झाला. माझ्याकडे असं एक सायटेशन सापडलं तरी प्रबंध परत जातो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतात, मग सबब कसली?

आभाळाएवढा विषय

‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवाधिकार: एक अभ्यास’. असं शीर्षक आलं की मी पान उलटायच्या आधीच परत करते. घाई असलेल्यांना मोठा विषय सोपा वाटतो, कारण त्यात काहीही भरता येतं. एक यंत्रणा, एक कलम, एक कसोटी घ्या. राज्य सरकारने पोलिसांसाठी २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी उभी केली, तीही नागपुरात. विदा कायद्याचं कलम १७ गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी बरीच सूट देतं. ती सूट पुट्टस्वामीच्या कसोटीवर, म्हणजे कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणशीरपणा यांवर, टिकते का? एवढाच प्रश्न वर्षभर पुरेल.

त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि पहिलं उत्तर बहुधा अपुरं येतं, मग पहिलं अपील आलं. म्हणून विषय मंजूर झाला त्याच आठवड्यात अर्ज द्या. नकार आला तर त्यात सांगितलेलं कारण आणि कलम प्रबंधात घ्या, आणि पत्र परिशिष्टात जोडा.