मॉडेलमधून निघालेलं डॉक्युमेंट वर्डमध्ये घासत बसताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, पॅटर्न, म्हणजे ज्यावरून कास्टिंगचा साचा काढतात तो नमुना, चुकला तर काय करायचं. पॅटर्न नीट करायचा म्हणेल. एकेक कास्टिंग घेऊन ग्राइंडरवर घासत बसायचं असं कुणी म्हणणार नाही, म्हणालाच तर मालक दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवेल. पण हीच गोष्ट कॉम्प्युटरवर आली की इंजिनिअरिंग झालेली पोरं बिनधास्त घासत बसतात. दोनशे पानांचं डॉक्युमेंट जनरेट करायचं, ते वाकडंतिकडं आलं की वर्डमध्ये उघडायचं आणि पहिल्या पानापासून सुरू, हेडिंग निळं कर, टेबल आत ढकल, एंटर एंटर एंटर मारून चित्र पुढच्या पानावर घालव.

आमचं ऑफिस छोटं आहे. हायड्रॉलिक प्रेस, स्पेशल पर्पज मशीन असल्यांच्या कंट्रोल सिस्टिमची कामं करतो. सगळं एंटरप्राइझ आर्किटेक्टमध्ये, म्हणजे सिस्टिमची रचना डबे आणि रेषांनी मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मॉडेल करायचं, एफ८ दाबायचं, टेम्प्लेट (डॉक्युमेंट कसं दिसावं त्याचा साचा) निवडायचं, स्पेसिफिकेशन बाहेर. तुम्ही सिमुलिंकवाले असा नाहीतर आणखी कशावाले, बटणं वेगळी असतील, चुका ह्याच.

तर सगळ्यात पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक ही घासायचीच. दोन वर्षांमागं गणपतीच्या आधी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला प्रेसचं डॉक्युमेंट द्यायचं होतं. खानापूरचा एक पोरगा नवीन लागला होता, हुशार, फक्त दम नाही. त्याला म्हटलं टेम्प्लेट शिकून घे, दोन-तीन तास जातील. तो म्हणाला दादा, एवढा वेळ कुठाय, मी वर्डमध्येच उरकतो. आणि उरकलं बरं का त्यानं, खोटं कशाला बोलू, तीन दिवस रात्री नऊ-नऊपर्यंत बसून. टेबलांच्या रुंद्या हातानं ओढल्या, पेज ब्रेक घातले, हेडिंगचे नंबर चुकलेले दिसले तर चक्क टाईप केले. डॉक्युमेंट दिसायला देखणं झालं. चौथ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाचा मेल, एका सेन्सरचं नाव बदला, चाळीसेक ठिकाणी येतंय. मॉडेलमध्ये ते एका जागी बदलायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानं बदललं, एफ८ दाबलं, त्याच नावानं त्याच फोल्डरमध्ये फाईल सेव्ह झाली. मी चहा प्यायला पहिल्या गेटकडं गेलो होतो, फोन आला, "दादा, माझं सगळं गेलं की ओ."

पण खरी गंमत पुढं आहे. तीन दिवस गेले ते गेले, ते रडून भागतं. त्या तीन दिवसांत त्यानं फॉरमॅटिंग करता करता मजकुरातली एक चूकही सुधारली होती. प्रेस दाब धरून किती वेळ थांबतो तो आकडा, ८ सेकंदांचा १२ केला होता. बरोबरच होतं ते, पण केलं वर्डमध्ये. मॉडेलमध्ये ८ तसाच. नवीन फाईलमध्ये ८ परत आला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. दीड महिन्यानं मच्छेला मशीन टेस्ट करताना तिथला माणूस विचारतोय, "तुमच्या कागदात ८, पॅनेलच्या पडद्यावर १२, खरं कुठलं धरू?" मला दहा मिनिटं उत्तर देता आलं नाही. लाज वाटली.

त्या दिवसापासून माझी एक सवय आहे. जनरेट झालेली फाईल मी लगेच रीड-ओन्ली करून टाकतो, फाईलच्या नावात तारीख घालतो आणि कुणालाही त्यात टाईप करू देत नाही, मलाही नाही. प्रिंट काढायची, लाल पेनानं खुणा करायच्या, आणि तो कागद घेऊन मॉडेलकडं नाहीतर टेम्प्लेटकडं जायचं. मजकूर चुकला तर मॉडेल, दिसायला चुकलं तर टेम्प्लेट. पोरांना हे म्हाताऱ्यासारखं वाटतं, वाटू दे.

टेम्प्लेटमध्ये काय चुकतं म्हणाल तर नव्वद टक्के वेळा टॅगच्या मधली जागा. सेक्शनला सुरुवातीचा टॅग आणि शेवटचा टॅग असतो, त्यांच्यामध्ये जे असेल ते प्रत्येक एलिमेंटसाठी, म्हणजे मॉडेलमधल्या एकेका डब्यासाठी, पुन्हा छापलं जातं. तिथं तुम्ही दोन एंटर सोडले असाल तर तीनशे एलिमेंटना सहाशे रिकाम्या ओळी येणारच, मग "सॉफ्टवेअर जास्त स्पेस सोडतंय" म्हणून बोंबलू नका. टेबलचं पण तेच. यादीसारखं टेबल पाहिजे असेल तर टेम्प्लेटमध्ये त्याला दोनच ओळी ठेवायच्या, वरची मथळ्याची, खालची फील्डची, आणि सेक्शनचे टॅग टेबलाच्या आधी आणि नंतर. खालची ओळ आपोआप हवी तितक्या वेळा येते. कुणीतरी शोभेला तिसरी ओळ घालतो आणि मग मला विचारतो टेबल का फुटलं.

आता दुसरी चूक, आमच्या भागातली खास. मशीनवरच्या ऑपरेटरसाठी सूचना आम्ही मॉडेलच्या नोट्समध्येच लिहितो, इंग्रजीखाली मराठी, खाली कन्नड. कारण ऑपरेटर निपाणीचा असतो नाहीतर बैलहोंगलचा, आणि पहिल्या दिवशी मशीनपाशी उभा राहिला की त्याला इंग्रजी वाचायला लावणं म्हणजे बोट कापून घ्यायचा धंदा. डॉक्युमेंट निघालं तर इंग्रजी ११ पॉइंटमध्ये झकास आणि मराठी-कन्नड हे मोठं, पोस्टरसारखं. बोल्ड केलेलं हेडिंग इंग्रजीत बोल्ड, मराठीत साधं. आमची एक मुलगी तीन तास एकेक पॅरा सिलेक्ट करून साईज कमी करायली होती आणि पुढच्या एफ८ ला सगळं परत फुगलेलं. मला म्हणाली, "सर, फॉन्ट खराब आहे." फॉन्ट काही खराब नव्हता. वर्ड लॅटिन अक्षरांची फॉन्ट-साईज वेगळी धरतं आणि देवनागरी, कन्नड, अरबी असल्या लिप्यांची वेगळी, त्यांना ते कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणतं. साईज वेगळी, बोल्डसुद्धा वेगळं.

विश्वास बसत नसेल तर फाईलची कॉपी करा, नावाच्या शेवटचं डॉकएक्सचं शेपूट काढून झिप लावा आणि उघडा. डॉकएक्स ही मुळात झिपच असते. आत वर्ड नावाचा फोल्डर, त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाईल. तिच्यात साईज दोन जागी लिहिलेली दिसते, तीही अर्ध्या पॉइंटांच्या हिशेबात, म्हणजे ११ पॉइंट असेल तर २२. आमच्या फाईलमध्ये लॅटिनला २२ आणि शेजारीच कॉम्प्लेक्स स्क्रिप्टला ३२ बसलेलं. १६ पॉइंट! तीन तास जिच्याशी मारामारी चालली होती ती गोष्ट ही एवढीशी.

उपाय मी काय करतो सांगतो. वर्डचं एक टेम्प्लेट बनवून ठेवलंय, त्यात हेडिंग आणि नॉर्मल ह्या स्टाइलमध्ये जाऊन फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा भाग वेगळा भरलाय. हा भाग दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी किंवा कन्नड जोडा, मग दिसतो. फॉन्ट निर्मला यूआय, देवनागरी आणि कन्नड दोन्ही त्यात आहेत आणि विंडोज ८ पासून पुढं तो असतोच. मंगल घेतलात तर कन्नडला तुंगा वेगळा बघावा लागतो आणि दोघांची उंची जुळवताना जीव जातो. मग जनरेट झालेल्या फाईलला डेव्हलपर टॅबमधून हे टेम्प्लेट जोडायचं आणि स्टाइल आपोआप अपडेट करायची टिक मारायची. ह्यात मजकुराला हात लागत नाही म्हणून हे मी घासण्यात धरत नाही. दर वेळी तेच दोन क्लिक.

पण हे चालतं ते पॅराला खरंच स्टाइल लागलेली असेल तरच. नोट्समध्ये कुणी वर्डमधून नाहीतर व्हॉट्सॅप वेबवरून रंगीत मजकूर चिकटवला असेल तर त्याचं स्वतःचं फॉरमॅटिंग वर बसतं आणि स्टाइल खाली गुदमरते. मॉडेलमध्ये काहीही चिकटवायचं तर आधी नोटपॅडमध्ये टाका, तिथून उचला. पाच सेकंद जातात. ही पाच सेकंद ज्याला जड वाटतात त्याला मी मॉडेल उघडू देत नाही.

कन्नड मजकूर कुणाच्या जुन्या फाईलमधून घेत असाल तर एक बघा, तो जुन्या नुडीत, म्हणजे कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाईप केलेला आहे का. तो युनिकोड नसतो, फॉन्ट लावलाय तोवर कन्नड दिसतं, मॉडेलमध्ये गेला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. मराठीत श्रीलिपीच्या जुन्या फाइलींचं तेच. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. अनुक्रमणिका रिकामी किंवा चुकीच्या पानांची आली म्हणून घाबरू नका, कंट्रोल-ए आणि एफ९. टेबल दोन पानांवर गेलं तर मथळ्याची ओळ पुन्हा यायची सोय असते, ती चालू करा, मथळा कॉपी करून मध्येच चिकटवू नका. हेडिंग पानाच्या तळाला एकटं पडतंय तर हेडिंगच्या स्टाइलमध्ये कीप विथ नेक्स्ट चालू करा. कागद ए४ आहे की लेटर ते एकदा बघून घ्या. लेटर ए४ पेक्षा ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड असतो, खडेबाजारातल्या झेरॉक्सवाल्यानं "कडा कापली जातीय" म्हटल्यावर हे कळणं म्हणजे उशीरच. डॉक्युमेंट आरटीएफ ह्या जुन्या प्रकारात काढलं आणि फाईल अवाढव्य झाली तर ती चित्रांमुळं, त्यात चित्र साध्या अक्षरांत लिहिलं जातं, एका बाइटला दोन अक्षरं. डॉकएक्समध्ये काढा.

चित्रांचं मात्र थोडं थांबून सांगतो, कारण इथं सगळे टेम्प्लेटला शिव्या घालतात आणि दोष असतो डायग्राम काढणाऱ्याचा. ए४ ची रुंदी २१० मिलिमीटर, दोन्हीकडं २५ चा मार्जिन सोडला की हातात राहतात १६०. तुम्ही मोठ्या मॉनिटरवर ४८० मिलिमीटर रुंद डायग्राम पसरून ठेवला की तो एक तृतीयांश होऊन बसणार, ९ पॉइंटची अक्षरं ३ पॉइंटची. ती मुंगीलाही वाचता येणार नाहीत. पान आडवं करा म्हणतात, त्यानं थोडंच मिळतं. मी डायग्राम तोडायला लावतो, एका डायग्रामवर दहा-बारा डबे, बास. ज्याला तोडता येत नाही त्याला मुळात सिस्टिम कळलेली नाही असं मी तोंडावर म्हणतो, आणि त्यावरून ऑफिसात दोनदा भांडण झालंय.

मॅक्रोबद्दल, म्हणजे वर्डमधली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमबद्दल, सगळे विचारतात. आता तर कुठल्याही चॅटबॉटला सांगितलं की मॅक्रो लिहून मिळतो, पोरं खूश. चालवा की. पण वाकडं टेम्प्लेट झाकायला मॅक्रो, मग त्या मॅक्रोनं बिघडवलेलं झाकायला दुसरा, असं एका फाईलवर सात मॅक्रो चालवायची वेळ आमच्यावर आलेली आहे. शेवटी कुठला आधी चालवायचा हे एकाच माणसाला माहीत होतं आणि तो लग्नाच्या सुट्टीवर गडहिंग्लजला.

हे सगळं टाळायला मी मॉडेलमध्ये चाचणीसाठी एक छोटं पॅकेज करून ठेवलंय, त्याचं नाव वाईटात वाईट. त्यात पाचच एलिमेंट. एकाचं नाव दोन ओळींचं, एकाची नोट रिकामी, एकाला भलामोठा आडवा डायग्राम, एकात मराठी-कन्नड मिसळलेलं, आणि एकाला साठ ओळींचं टेबल. टेम्प्लेटला हात लावला की आधी ह्या पाचावर चालवायचं, चार-पाच पानं निघतात, जे फुटायचं ते तिथंच फुटतं. पूर्ण मॉडेल जनरेट व्हायला आमच्याकडं पाऊण तास जातो आणि मध्येच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

खानापूरच्या त्या पोरानं परवा त्यात सहावा एलिमेंट घातलाय. नाव ठेवलंय "प्रेस थांबण्याची वेळ", किंमत १२.