विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट क्लस्टरवर अडते तेव्हा

विंडोज लॅपटॉपवर लिहिलेली जॉब स्क्रिप्ट (क्लस्टरला, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांना, काम सांगणारी फाइल) एसबॅच या कमांडने सबमिट केली, की स्लर्म हे तिथली कामं रांगेत लावणारं सॉफ्टवेअर ‘डॉस लाइन ब्रेक्स’ असं सांगून ती परत पाठवतं. कितीही वेळा वाचा, चूक दिसत नाही. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर ठेवतं, तेच लिनक्सला खुपतं.

१. कॅट कमांडला डॅश आणि कॅपिटल ए जोडून स्क्रिप्ट उघडा. ओळीअखेर नुसतं डॉलरचं चिन्ह हवं; त्याआधी टोपीसारखं कॅरेट आणि कॅपिटल एम दिसला, तर दुखणं हेच.

२. डॉस२युनिक्स कमांड त्या फाइलवर चालवा. लिहिताना सगळं सलग, मध्ये आकडा २.

३. पुन्हा सबमिट करा.

व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर खाली उजव्या कोपऱ्यातल्या ‘सीआरएलएफ’वर (विंडोजची ओळ संपवण्याची पद्धत) क्लिक करून ‘एलएफ’ (लिनक्सची पद्धत) निवडा आणि फाइल सेव्ह करा. मला हेच सोयीचं वाटतं, दुखणं मुळातच टळतं.

एक मात्र जपा. एसबॅच फक्त मुख्य स्क्रिप्ट तपासतं. तिच्यातून बोलावलेली दुसरी शेल स्क्रिप्ट तशीच राहिली, तर रात्रभर रांगेत थांबलेला जॉब सुरू होताच कोसळतो. म्हणून फोल्डरमधल्या सगळ्याच शेल स्क्रिप्टवर डॉस२युनिक्स एकदम चालवा.