स्वस्तातले एचओ मालडबे खऱ्या डब्यांशी जुळवताय? या चुका टाळा

मॉडेल रेल्वेत अमेरिकन मालगाडी करायची म्हटलं की खिशाला परवडणारे एचओ (खऱ्याच्या १:८७ मापाचे) डबे भरपूर मिळतात, ॲथर्न कंपनीचे जुने निळ्या खोक्यातले, ॲक्युरेल कंपनीचे किट वगैरे, आणि त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. घोळ होतो तो खरेदीत, कारण आपण रंग आणि लोगो बघून डबा उचलतो. एकाच साच्यावर कंपन्या वाट्टेल तितक्या रेल्वेंचे रंग मारतात, त्यातल्या मोजक्याच रेल्वेंकडे तसा डबा खरोखर होता. म्हणून आधी बॉडी बघा, रंग नंतर.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक उंचीची. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा एक्स२९ हा बॉक्सकार (बंद मालडबा) घ्या, १९२४ पासून हजारोंनी बांधलेला, आतून उंची फक्त ८ फूट ७ इंच. दुसऱ्या महायुद्धानंतरचा नेहमीचा ४० फुटी स्टीलचा डबा मात्र १० फूट ६ इंचांचा. फरक २३ इंच, एचओच्या १:८७ मापात जवळजवळ ७ मिलिमीटर, म्हणजे उंच बॉडीवर एक्स२९ चे नंबर असले तर ते लगेच डोळ्यात खुपतं. बॉडी कापत बसू नका, नंबर आणि रेल्वे बदला, ती बॉडी दुसऱ्या कुणाला तरी चपखल बसते.

नंबर शोधायला ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर हे नियतकालिक बघायचं, त्यात प्रत्येक रेल्वेच्या नंबर सिरीजपुढे आतली लांबी, उंची, दरवाज्याची रुंदी असं सगळं असतं. फक्त त्याचा अंक आपला लेआउट (मॉडेल रेल्वेची मांडणी) ज्या वर्षातला दाखवायचा त्याच्या जवळचा घ्या. पण छप्पर आणि टोकं (डब्याच्या पुढच्या-मागच्या भिंती) कशी होती ते त्यातून कळत नाही, तिथे फोटोच लागतो. डबे बांधणाऱ्या पुलमन-स्टँडर्ड कंपनीच्या १९४७ पासूनच्या पीएस-१ बॉक्सकारची मापं इतरांसारखीच, छप्पर आणि टोकं मात्र त्यांच्या स्वतःच्या डिझाइनची. टोकांचं मी फार मनावर घेत नाही, गाडी जोडली की ती झाकली जातात, छपरावर मात्र तडजोड नको, लेआउट आपण वरूनच बघतो ना.

मग तारीख. डब्यावर बीएलटी (बिल्ट, म्हणजे बांधल्याची तारीख) लिहून महिना-वर्ष असतं ते भिंग घेऊन वाचा. तिथे ६-७२ आहे आणि छतावर चालायची फळी म्हणजे रनिंग बोर्ड पण आहे, तर काहीतरी चुकलंय, कारण १९६६ पासून नव्या बॉक्सकारवर ते लावणं बंद झालं. फळी काढा, भोकं पुट्टीने बुजवा. जुन्या डब्यांवर ती पुढेही बरीच वर्षं होती, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या लेआउटवर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी छान दिसतात.

बिअरच्या नाहीतर मांसाच्या कंपन्यांच्या जाहिरातींचे रंगीत रीफर (थंड मालाचे डबे) सेटमध्ये हमखास येतात, पण तसल्या जाहिरातींवर अमेरिकन सरकारच्या इंटरस्टेट कॉमर्स कमिशनने १९३४ मध्ये बंधनं आणली, त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या गाडीत ते नकोत.

शेवटी चाकं. ७० टनापर्यंत माल नेणाऱ्या डब्याला ३३ इंची, १०० टनाच्याला ३६ इंची, एचओमध्ये साधारण ९.६ आणि १०.५ मिलिमीटर, आणि मोठ्या हॉपरखाली (तळातून माल रिकामा होणारा डबा) छोटी चाकं दिली असतील तर बदला. मोठी चाकं टाकल्यावर ती तळाला घासतात का बघा, आणि कपलरची (डबे जोडणारा आकडा) उंची गेजवर (उंची मोजायचं साधन) परत चेक करा, वर गेला असेल तर बोल्स्टर (डब्याखालचा आडवा भाग, ज्यावर चाकांची गाडी टेकते) थोडा घासून खाली आणता येतो.