पृथ्वीचा इतिहास हाताने शिकवायचा तर: गोव्यातल्या शिक्षकांसाठी काही प्रयोग

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी हमखास असतो. व्हिनेगर ओतलं, सोडा फसफसला, टाळ्या पडल्या. पण खरा ज्वालामुखी सोड्याने फुटत नाही, त्यामुळे मुलांच्या पदरात त्यातून फारसं काही पडत नाही. त्यापेक्षा सहावी ते नववीच्या मुलांसाठी खाली दिलेले प्रयोग करा. लागणारं सामान बहुतेक घरातलंच आहे. प्रत्येक प्रयोगाला एकच नियम लावा: मुलांनी आधी अंदाज वहीत लिहायचा, मग हात लावायचा.

आधी दोरी

बाजारातून ५० मीटर सुंभ आणा आणि मैदानावर ताणून बांधा. प्रमाण ठेवा १० सेंटिमीटरला १ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, म्हणजे दोरी ४५ मीटर ४० सेंटिमीटर लागेल. हा हिशेब मुलांनाच करू द्या. एका टोकाला ‘आज’ अशी चिठ्ठी लावा आणि विचारा, डायनासोर कुठे येतील? बहुतेक मुलं दोरीच्या मध्यावर जाऊन उभी राहतात.

मग ‘आज’पासून मागे मोजत चिठ्ठ्या लावायच्या. जीवसृष्टीच्या जुन्या खुणा ३५ मीटरवर. हवेत प्राणवायू साठू लागला तो साधारण २४ मीटरवर. समुद्रात तऱ्हेतऱ्हेचे प्राणी झपाट्याने दिसू लागले ते ५ मीटर ४० सेंटिमीटरवर, जमिनीवर वनस्पती आल्या त्या ४ मीटर ७० सेंटिमीटरच्या आसपास. डायनासोर २ मीटर ३० सेंटिमीटरवर येतात आणि ६६ सेंटिमीटरवर संपतात. त्यांच्यातले उडणारे नातेवाईक, म्हणजे पक्षी, तेवढे उरले. आपण माणसं? शेवटचे ३ मिलिमीटर.

आता गोव्याच्या चिठ्ठ्या. अनमोड घाटातले पट्टेदार खडक ३०० कोटी वर्षांहून जुने, म्हणजे ३० मीटरच्याही मागे. भारत मादागास्करपासून सुटला तो ८८ सेंटिमीटरवर. त्याआधी आपला पश्चिम किनारा नव्हताच. ईशान्य सीमेवर दिसणारा काळा बेसाल्ट हा दख्खनच्या लाव्हाचा, त्याची चिठ्ठी डायनासोरांच्या शेवटाला खेटून, ६६ सेंटिमीटरवर. रिवणजवळ कुशावती नदीच्या काठच्या उसगाळीमळची कातळचित्रं कुठे लावायची, हे मुलं विचारतातच. ती दहा हजार वर्षांची धरली तरी दोरीवर मिलिमीटरचा दहावा भाग. तिथे चिठ्ठी मावत नाही, आणि हे त्यांना स्वतः कळू देण्यातच गंमत आहे.

शाळेची भिंत

गोव्यात भूविज्ञानाची प्रयोगशाळा चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीतच असते. गिलावा नसलेला कोपरा शोधा. चिऱ्यातली भोकं, लाल-पिवळे डाग भिंगातून बघून चित्र काढायला सांगा. एक सुटा तुकडा वजन करून रात्रभर पाण्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करा. दगड पाणी पितो, हे वजनकाट्यावर दिसतं. मग कारणाकडे जा: उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांनी मूळ खडकातली वाळूची द्रव्यं विरघळवून नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. लाल रंग त्या लोखंडाच्या गंजाचा. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो आणि उघड्या हवेत टणक होतो, हे गावातला कोणताही गवंडी सांगेल. जमलं तर त्यालाच वर्गात बोलवा.

एक मात्र बजावून सांगतो. बंद पडलेल्या चिरेखाणीवर मुलांना नेऊ नका. पाणी साठलेलं असतं, कडे सरळसोट असतात, आणि तिथून वर येता येत नाही.

जीवाश्माचे साचे

गोव्यात जीवाश्म का मिळत नाहीत, हा प्रश्न येणारच. आपले बहुतेक खडक प्राण्यांच्याही आधीचे आहेत, पुढे तापून-दाबून बदललेले. बेसाल्ट तर वितळलेलाच होता. जांभ्यात मूळ खडकाचीच ओळख उरत नाही, मग हाडांची काय कथा. डायनासोर बघायचे तर गुजरातेत बालासिनोरला किंवा जबलपूरकडे जावं लागतं.

म्हणून साचे करायचे. चतुर्थीनंतर उरलेली चिकणमाती घ्या. तिसऱ्या आणि खुब्यांचे शिंपले, खेकड्याची नांगी, फणसाचं पान तिच्यात दाबून अलगद उचला. एक वाटी पाण्यात दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस हळूहळू टाकून ढवळा, ठशात ओता, अर्धा-पाऊण तास थांबा. प्लास्टर घट्ट होताना तापतं, त्यात हात बुडवू द्यायचा नाही. उरलेलं बेसिनमध्ये ओतलंत तर प्लंबर बोलवावा लागेल. साचे मुद्दाम फोडा, तुकडे दुसऱ्या गटाला द्या आणि प्राणी ओळखायला सांगा. डबा खाताना विचारा, बांगड्याचं काय टिकेल आणि काय कुजेल? काटा बाजूला काढतानाच उत्तर मिळतं.

चण्यांची शिकार

नैसर्गिक निवडीचा, म्हणजे परिसराला जुळणारे जीव टिकतात आणि त्यांचीच पिल्लं वाढतात याचा, हा खेळ मला सगळ्यांत आवडतो. शंभर काबुली चणे घ्या आणि पंचवीस-पंचवीस चार रंगांत रंगवा: कावेचा तांबडा, हळदीचा पिवळा, खाण्याच्या रंगाचा हिरवा, आणि काही तसेच. वेगवेगळी कडधान्यं घेऊ नका. मूग वाचला तो रंगामुळे की लहान म्हणून, हे मग सांगता येत नाही.

लाल मातीवर चौकोन आखून चणे विखुरा. पाच मुलं पक्षी. प्रत्येकाने एका वेळी एक, असे पंधरा दाणे टिपायचे. पंचाहत्तर गेले, पंचवीस उरले. उरलेल्या प्रत्येक दाण्याला त्याच रंगाची तीन पिल्लं द्या, पुन्हा शंभर झाले. असे तीन डाव खेळून दर वेळी रंगवार आकडे लिहा आणि आलेख काढा. मग तोच खेळ हिरवळीवर.

शेवटी विचारा, एखादा पिवळा चणा तांबडा झाला का? झाला नाही. ‘गरज पडली म्हणून प्राण्याने स्वतःला बदललं’ हा समज मोठ्यांनाही सुटत नाही, तो इथेच सुटतो. बदलला तो शंभरांचा घोळका.

खारफुटीत एक सकाळ

पावसाळा संपल्यावर रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा. तिथलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं आहे. वनखात्याची परवानगी आधी काढा आणि ओहोटीची वेळ बघून निघा. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अभयारण्य जमत नसेल तर गावच्या खाजनाचा (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचा) बांध आणि मानशीजवळची (भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारांजवळची) तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, चालतील.

पाइपची एक मीटरची चौकट चिखलावर ठेवून तिवराची वर आलेली श्वासमुळं मोजायची, खेकड्यांची बिळं मोजायची. तिवराच्या पानाची खालची बाजू बघा, मीठ दिसतं. कांदळाच्या झाडावरच बी रुजून लोंबतं, त्याचं चित्र काढा. काही तोडायचं नाही. प्रत्येक गटाने तीन वेगळ्या जागी चौकट ठेवायची आणि तिन्ही आकडे लिहायचे. तिन्ही सारखे आले तर वही परत द्या आणि पुन्हा मोजायला पाठवा.