स्वस्तात दुर्मीळ नाणं दिसलं? या चुका टाळा

डीलरच्या ट्रेमध्ये पन्नास साधी नाणी असतात आणि त्यांत एक दुर्मीळ. त्याच्या चिठ्ठीवर मात्र इतरांसारखीच किंमत. भिंगातून बघून बघून ज्याचा डोळा तयार झालाय त्याला ते ओळखू येतं, डीलरच्या नजरेतून ते निसटलेलं असतं. असं नाणं गुपचूप घेणं गैर आहे का? माझं मत स्पष्ट आहे : नाणी विकणं हाच ज्याचा धंदा आहे, त्याने स्वतः तपासून लावलेल्या किमतीला ते घेणं गैर नाही. अभ्यास तुम्ही केलात, त्याचं फळ तुमचं. पण या व्यवहाराच्या आजूबाजूला चुका होतात, आणि त्या साध्या नसतात.

विचारल्यावर खोटं बोलणं

पहिली चूक मी स्वतः केली आहे. १९१८ सालचं अमेरिकी पाच सेंटचं नाणं होतं, डेन्व्हर टाकसाळीचं. भिंगाखाली धरलं तर सालातल्या ८ च्या वरच्या गोलात ७ ची आडवी दांडी दिसत होती. म्हणजे १९१७ आणि १९१८ असे दोन्ही आकडे एकाच डायवर, म्हणजे नाणं पाडायच्या साच्यावर, उमटलेले. या प्रकाराला ओव्हरडेट म्हणतात आणि पाच सेंटच्या नाण्यांच्या या मालिकेत त्याला मोठा मान आहे. मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो असणार, कारण डीलरने विचारलं, “काही वेगळं दिसतंय का तुम्हाला त्यात?” मी म्हणालो, “नाही हो, संचातली एक जागा भरायची आहे.”

“मला हे घ्यायचंय, एवढंच सांगतो,” असं म्हणालो असतो तरी चाललं असतं. तो समजायचं ते समजला असता, नाणं परत घेऊन बघितलं असतं, कदाचित किंमत वाढवली असती. तो त्याचा हक्क होता. माझ्या उत्तराने मी तो हिरावून घेतला.

या फरकावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८१७ सालीच बोट ठेवलं होतं. प्रकरण तंबाखूचं होतं. युद्ध संपून तह झाल्याची बातमी न्यू ऑर्लिन्समधल्या एका व्यापाऱ्याला इतरांच्या आधी कळली आणि त्याने जुन्या भावात माल उचलला. भाव वाढेल अशी काही बातमी आहे का, असं विक्रेत्याने विचारलंही होतं. सरन्यायाधीश मार्शल यांनी म्हटलं की आपल्याकडची माहिती सांगायला खरेदीदार बांधलेला नाही, पण दुसऱ्याची फसगत होईल असं काही बोलण्या-वागण्यापासून दोघांनीही दूर राहिलं पाहिजे. नाण्यांच्या टेबलावरही मला हीच रेघ योग्य वाटते.

नाण्याला नावं ठेवून किंमत पाडणं हेही खोटंच. “फार झिजलंय हो, कोण घेणार?” असं म्हणत मनातून ते दहापट मोलाचं आहे हे माहीत असणं. आधीच कमी किमतीत मिळतंय तिथे वर घासाघीस कशाला?

अंदाज चुकला की पैसे परत मागणं

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९५५ सालच्या अमेरिकी एका सेंटच्या नाण्यात डबल्ड डाय हा प्रसिद्ध प्रकार आहे. साल आणि अक्षरं इतकी ठळक दुहेरी आहेत की भिंगाशिवाय दिसतात. पण त्याच सालची काही नाणी झिजलेल्या डायमुळे शेवटच्या ५ जवळ दुहेरी भासतात, त्यांना तसं मोल नाही. शिवाय ठसा मारताना डाय किंचित सरकल्यानेही दुहेरीपणा येतो. तो चपटा असतो, अक्षराच्या कडेला पायरी तासल्यासारखा. अस्सल डबल्ड डायमध्ये दुसरी रेघही पहिलीसारखीच उठावदार आणि गोलसर असते.

घाईत हे गडबडतं. मग घरी येऊन चूक कळली की लोक डीलरकडे जातात, “मला वाटलं तसं हे निघालं नाही, परत घ्या.” त्याच्या अज्ञानाचा फायदा तुम्ही खिशात घालणार असाल, तर तुमच्या अज्ञानाचा तोटाही तुम्हीच सोसा. बनावट नाण्याची गोष्ट वेगळी. नाणं अस्सल असल्याची हमी देणं हे डीलरचं काम आहे, तिथे परत जाण्यात काहीच गैर नाही. १९४३ चा तांब्याचा सेंट म्हणून तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी सेंट हाती आला तर लोहचुंबक लगेच सांगतो. १९१६ च्या डाइमवर (दहा सेंटच्या नाण्यावर) मागाहून चिकटवलेला ‘डी’, म्हणजे डेन्व्हर टाकसाळीची खूण, ओळखायला मात्र भिंग आणि सराव दोन्ही लागतात.

समोर कोण आहे हे न बघणं

वर म्हटलेलं सगळं धंदेवाईक विक्रेत्याला लागू आहे. आजोबांच्या पश्चात सापडलेली पेटी घेऊन कुणी तुमच्याकडे आलं, तर तिथे गप्प बसणं मला मान्य नाही. तो माणूस तुमच्या माहितीवर विसंबून आलेला असतो. जाणकार डीलरलाही, तो विकत घेत असेल तेव्हा, हाच नियम लागू. चिठ्ठीवर एक शून्य राहून गेलंय हे उघड दिसत असेल तर तेही सांगावं. ती पारख नाही, लिहिण्यातली चूक आहे. आणि मालक जेवायला गेल्यावर टेबल सांभाळणाऱ्या पोरसवदा मदतनिसाकडून सौदा उरकू नये.

किंमत अगदीच अविश्वसनीय असेल तर नाणं कुठून आलं हे आधी विचारा. चोरीचा माल असू शकतो, किंवा जमिनीतून काढून न कळवलेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या कायद्यानुसार असा ठेवा १४ दिवसांत कळवावा लागतो.

चूक होऊन गेली असेल तर

परत जा. मला जायला दोन वर्षं लागली. ते १९१८ चं नाणं त्याच्यासमोर ठेवलं आणि तेव्हा काय बोललो होतो ते सांगितलं. त्याने भिंग लावून बराच वेळ बघितलं. “सात आहे खरा,” म्हणाला. मी फरकातली अर्धी रक्कम देऊ केली. त्याने पैसे घेतले, पावती लिहिली आणि त्या ट्रेमधली उरलेली नाणी काढून माझ्यापुढे सरकवली, “आता ही जरा नीट बघून सांगा.”