गांडुळं टबाबाहेर का पळत होती

फोंड्याला आमच्या मागच्या पडवीत मे महिन्यात टबात गांडूळखत सुरू केलं. जूनचा पाऊस लागला आणि एका सकाळी पाहते तर वीस-पंचवीस गांडुळं कडेवर चढलेली, काही फरशीवर सुकून गेलेली. फार वाईट वाटलं. झाकण काढताच आंबूस वास आला. मूठभर माल पिळला तर बोटांतून पाणी गळू लागलं. खरं तर एखाद-दुसरा थेंबच यायला हवा. त्यात सोलं (कोकमाच्या साली) वाळत घातल्यावर उरलेला भिरंडांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, आंबट गर मी सगळा टबात ओतला होता. तेच चुकलं.

गर काढून टाकला. सळई तापवून तळाला दहा-बारा भोकं पाडली, टब विटांवर ठेवला. सोडणाचा (नारळाच्या सालीचा) सुका काथ्या नि वर्तमानपत्राचे तुकडे मिसळले, अंड्यांची कवचं कुटून मूठभर भुरभुरली. त्याने आंबटपणा उतरतो. मग चार दिवस काहीच घातलं नाही. पाचव्या दिवशी वास गेला, गांडुळं खाली परतली.

माशांची डोकी-खवलं मात्र टबात नकोत, ती मी माडाच्या मुळाशी पुरते. आणि गांडुळं कचरा खाणारी लाल रंगाचीच घ्या. परसातली खोल मातीत राहणारी टबात टिकत नाहीत.