वर्षानुवर्षं उभी मॉरिस मायनर: जाम इंजिन असं सुटलं

यॉर्कशायरमधल्या एका फार्मच्या शेडमध्ये ही १९६७ ची मॉरिस मायनर, जुनी ब्रिटिश मोटार, उभी होती. रंगाकडे बघितलंच नाही, टॉर्च घेऊन आधी गाडीखाली शिरलो. पुढच्या सीटखालचा आडवा मेंबर (गाडीचा भार पेलणारा पत्र्याचा तुळईसारखा भाग) आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिले. पत्रा शाबूत! तिथे गंज असता तर फुकटातही घेतली नसती. लॉगबुकमधला (गाडीच्या नोंदणीच्या कागदातला) चॅसिस नंबर गाडीच्या पाटीवरच्या नंबराशी ताडला आणि सौदा केला.

इंजिन मात्र जाम. अशा वेळी सेल्फ मारायचाच नाही, पिस्टनच्या रिंगा तुटतात. चारही प्लग काढले, सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) मिसळून ओतलं, मुरू दिलं. या गाडीला पुढून इंजिन हाताने फिरवायचं हँडल लागतं, केवढी सोय! जोर न लावता मागेपुढे हलवत राहिलो. एका संध्याकाळी हँडल कणभर सरकलं आणि प्लगच्या भोकातून तांबूस तेल उडालं. मला तर नाचावंसं वाटलं.

मग नवं ऑइल, नवा फिल्टर. प्लग बाहेरच ठेवून ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत सेल्फ फिरवला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं.

ब्रेकचं मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारं) ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या आत असतं, काढायला किचकट. तरी तेही बदला, होजसकट (ब्रेकच्या लवचिक नळ्यांसकट). तोवर गाडी शेडबाहेर चालवू नका.